दोघींची सहल, जुन्या नावाचा पासपोर्ट आणि रात्रपाळीचा माणूस

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघी चार वर्षं पुण्यात एकत्र राहतात, एक 29 वर्षांची, दुसरी 33. धाकटीच्या घरी फक्त बहिणीला माहीत आहे. थोरली ट्रान्स स्त्री आहे. राहणं, दिसणं, ऑफिसातलं नाव सगळं बाईचं, पण आधार आणि पासपोर्ट अजून जुन्या नावाचे, लिंगाच्या रकान्यात पुरुष. फेब्रुवारीत आठ-दहा दिवस पहिल्यांदाच दोघींनी मिळून कुठेतरी जायचंय. मनात दुबई, थायलंड आणि केरळ. विचारलंय की यातलं सुरक्षित कुठलं, आणि हॉटेलात काय सांगायचं?

मी एकवीस वर्षं या धंद्यात आहे. पहिली नऊ वर्षं टूर मॅनेजर म्हणून मराठी ग्रुप फिरवले, आता ठाण्यात छोटं ऑफिस आहे. मी स्वतः गे आहे, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून काउंटरच्या पलीकडे उभं राहायचा अनुभवही भरपूर.

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. दुबई यादीतून काढा. थायलंडला जा. केरळ छानच आहे, पण पहिली सहल म्हणून तुमच्यासाठी ते थायलंडपेक्षा अवघड आहे. हे वाचून आश्चर्य वाटेल, पण पुढे येतोच त्यावर.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण जगाचा नकाशा बघून येतात, लाल देश, हिरवे देश. नकाशा बघायलाच हवा. साठहून अधिक देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत, आणि त्यात आपल्याकडचे लोक सर्रास जातात ते मालदीव, श्रीलंका, केनिया, मलेशिया सगळे आहेत. पण नकाशा फक्त जावं की नाही एवढंच सांगतो. गेल्यावर सहल कशी होणार हे ठरतं रिसेप्शनच्या काउंटरवर. कोची मेट्रोचं उदाहरण घ्या. केरळने 2015 मध्ये देशातलं पहिलं ट्रान्सजेंडर धोरण आणलं. 2017 मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा ट्रान्स व्यक्तींना नोकरीवर घेतलं, जगभर बातम्या झाल्या. आणि थोड्याच दिवसांत त्यातल्या काहींनी नोकरी सोडली, कारण शहरात त्यांना राहायला खोली कोणी देईना. सरकारचं धोरण एकीकडे आणि खोलीची किल्ली दुसरीकडे. मी सहल आखतो ती किल्लीपासून.

दुबईचं दोन ओळींत. तिथे समलिंगी संबंध गुन्हा आहेत, पण तुमच्या बाबतीत अडचण त्याच्याही आधी, इमिग्रेशनवरच येते. पासपोर्टवर पुरुष आणि समोर साडी नाहीतर कुर्ता घातलेली बाई, अशा प्रवाशांना विमानतळावरूनच परत पाठवल्याचे प्रकार तिथे झालेले आहेत. 'आमच्या ओळखीचे दोघे जाऊन आले, काही झालं नाही' असं सांगणारे भेटतील. ते दोघे कागदावर आणि दिसायला दोन पुरुष होते, मित्र म्हणून खपले. तुम्हाला ती सोय नाही. स्वस्त मिळतं म्हणून दुबई किंवा दोहामार्गे तिकीटही काढू नका. विमानतळाच्या आत बसून विमान बदलायला सहसा कोणी हरकत घेत नाही, पण पुढचं विमान चुकलं आणि कंपनीने रात्रीपुरतं शहरातलं हॉटेल दिलं, की पुन्हा तीच इमिग्रेशनची खिडकी. मुंबई-बँकॉक सरळ विमान साडेचार तासांचं आहे. तेच घ्या.

थायलंड का? तिथे 23 जानेवारी 2025 पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे हे सगळ्यांना माहीत असतं. लिंग-अभिव्यक्तीवरून भेदभाव करायला 2015 पासून कायद्याने बंदी आहे. पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती थायलंडच्या उणिवेतून आलेली आहे. तिथे ट्रान्स व्यक्तीला कागदपत्रांवरचं लिंग बदलून देणारा कायदाच नाही. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या नागरिक असलेल्या ट्रान्स स्त्रिया आयुष्यभर पुरुषाचा शिक्का असलेला पासपोर्ट घेऊन फिरतात. तिथल्या अधिकाऱ्याला फोटो आणि चेहऱ्यातली ही तफावत नवी नाही. मी पाठवलेल्या चार-पाच ट्रान्स मुलींपैकी एकीलाच वेगळं बोलावून दोन प्रश्न विचारले, पाच मिनिटांत सोडलं. अन्याय त्यांच्या लोकांवर, सोय आपल्याला. बरं वाटत नाही, पण आहे हे असं.

आता पासपोर्ट. हे काम तिकिटाच्या आधीचं.

नाव आणि लिंग दोन्ही बदलायची वाट 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्याने घालून दिलेली आहे: राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, त्यावरून आधार, मग पासपोर्ट. ती जरूर धरा, पुण्यात ट्रान्स व्यक्तींसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत सध्याची प्रक्रिया विचारून घ्या, पण फेब्रुवारीच्या आत हातात पडेल या भरवशावर तिकीट काढू नका. शिवाय एक नीट विचार करा. आपल्या पासपोर्टच्या अर्जात पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर असे तीन पर्याय असतात, पण परदेशी व्हिसाच्या बऱ्याच अर्जांत दोनच रकाने असतात. तिसरा पर्याय घेणं हा अभिमानाचा भाग आहे, मला मान्य आहे. मात्र तो पासपोर्ट प्रत्येक देशाच्या खिडकीवर तुमच्याआधी तुमची ओळख करून देतो. अमेरिकेने 20 जानेवारी 2025 च्या आदेशानंतर सरकारी कागदांवर दोनच लिंगं मानायचं ठरवलं, तेव्हा जर्मनी आणि डेन्मार्कसारख्या देशांनी आपल्या ट्रान्स नागरिकांसाठी अमेरिका प्रवासाच्या सूचना बदलल्या. कुठला पर्याय घ्यायचा हे तिचं तिने ठरवावं. फक्त पुढची पाच-सात वर्षं कुठे जायचंय हे डोळ्यांपुढे ठेवून.

मग आत्ता काय करायचं? फोटो बदलायचा. पासपोर्ट सेवेच्या री-इश्यूच्या अर्जात 'दिसण्यातला बदल' हे स्वतंत्र कारण आहे, आणि ते फारच थोड्या लोकांना माहीत असतं. नाव तेच, लिंग तेच, फोटो आजचा. इमिग्रेशनवाला पहिली नजर चेहऱ्यावर टाकतो आणि दुसरी फोटोवर. त्या दोन जुळल्या की लिंगाच्या रकान्याकडे तो क्वचितच जातो. समोर केस मोकळे सोडलेली बाई आणि हातात सात वर्षांपूर्वीचा दाढीतला फोटो, कोणी किती वेळ जुळवत बसणार!

नवा पासपोर्ट हातात आला की मगच तिकीट, आणि पासपोर्टवर आहे त्याच नावाने, त्याच लिंगाने. तिकिटावर 'मिस्टर' छापून येईल. येऊ द्या. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड 1 मे 2025 पासून सक्तीचं आहे, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, तिथेही पासपोर्टवर आहे तेच. व्हिसाचे नियम आणि राहण्याचे दिवस थायलंड बदलत असतं, तेव्हा बुकिंगच्या दिवशी त्यांच्या दूतावासाच्या साइटवर बघून घ्या. आपल्या विमानतळावर सुरक्षा तपासणीला पुरुष आणि स्त्रियांच्या रांगा वेगळ्या असतात. ती रोज जगते त्या रांगेत तिने उभं राहावं, आणि आपली पाळी यायच्या आधी तिथल्या महिला कर्मचाऱ्याला हळू आवाजात सांगावं की कागद वेगळे आहेत, तपासणी आडोशाला करा. आधी सांगितलं की कर्मचारी गोंधळत नाहीत. हात लावल्यावर कळलं की गोंधळतात, आणि गोंधळलेला माणूस मोठ्याने बोलतो.

हार्मोनच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी पासपोर्टवरच्या नावाने. चिठ्ठीवर नवं नाव आणि पासपोर्टवर जुनं, असं झालं तर ती गोळी दुसऱ्या कोणाची ठरते.

आता केरळ का अवघड, ते सांगतो.

दोन पुरुष किंवा दोन बायका भारतात कुठल्याही हॉटेलात एक खोली घेऊ शकतात. कोणी भुवई उडवत नाही, उलट मुलगा-मुलगी गेले तर लग्नाचा पुरावा मागतात. आपल्यासारख्यांना मिळालेली ही एकमेव फुकटची सवलत. फार तर रिसेप्शनवाला मायेने म्हणतो, 'सर, ट्विन करून देऊ का?' धंद्यात डबल म्हणजे एक मोठा पलंग, ट्विन म्हणजे दोन सुटे. मी आणि माझा जोडीदार एकदा कुर्गला संकोचून 'चालेल' म्हणालो आणि रात्री दोन खाटा जोडून झोपलो. पहाटे मी मधल्या फटीत होतो. तेव्हापासून व्हाउचरवरच 'एक किंग बेड' लिहून घेतो आणि काउंटरवर 'नको, हीच ठीक आहे' एवढंच म्हणतो.

तुमच्या बाबतीत मात्र ही सवलत आधार कार्ड काढलं की संपते. डोळ्यांना दोन बायका, कागदावर अविवाहित पुरुष आणि स्त्री. म्हणजे 'फक्त विवाहित जोडप्यांना' ही पाटी असलेल्या लॉजवर तुम्ही कागदाने अडकता आणि नजरेनेही. अविवाहित जोडप्याला खोली देऊ नये असा कायदा देशात नाही, मद्रास उच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे स्पष्ट म्हटलंय. रात्री पावणेबाराला तो निकाल काउंटरवर वाचून दाखवायची कोणाला ताकद असते?

पावणेबारा उगाच म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी माझी एक ट्रान्स गिऱ्हाईक एका थंड हवेच्या ठिकाणी पोचली. मी सेल्सच्या बाईंशी बोललो होतो, त्या म्हणाल्या होत्या, काहीच प्रॉब्लेम नाही. रात्री काउंटरवर वीस-बावीस वर्षांचा पोरगा. त्याने आधार घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, दिव्याखाली धरलं, आणि प्रामाणिकपणे विचारलं, 'मॅडम, हे ज्यांचं आहे ते गाडी पार्क करतायत का?' त्याला काही वाईट म्हणायचं नव्हतं. पण मागे रांगेत एक कुटुंब उभं होतं, त्यांचं बोलणं थांबलं. पोरीने कार्ड परत घेतलं आणि बाहेर गाडीत जाऊन बसली. मला फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, नुसती गप्प होती. मॅनेजरला झोपेतून उठवून खोली मिळवली, पण ती दुसऱ्या दिवशी सकाळीच परत निघाली.

चूक माझी होती. मी दिवसपाळीला सांगितलं आणि ती पोचली रात्रपाळीला. तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे. बुकिंगच्या आधी हॉटेलला लेखी विचारतो, गोलमोल नाही. मजकूर साधारण असा: 'पाहुण्या दोन स्त्रिया आहेत. एकीच्या ओळखपत्रावर जुनं नाव आणि पुरुष असं लिंग आहे. ओळखपत्र वैध आहे, प्रत सोबत पाठवतो. चेक-इनच्या वेळी तिच्याशी आणि तिच्याबद्दल बोलताना मॅडम म्हणावं, खोलीत एक मोठा पलंग हवा. हे आपल्याला चालेल का, कृपया नावानिशी कळवा.' कागद आधीच पोचलेला असला की काउंटरवर कार्ड उलटंसुलटं करायची वेळ येत नाही. उत्तराला आठ दिवस लागले किंवा 'मॅनेजमेंटशी बोलून सांगतो' आलं तर ते हॉटेल सोडतो. आणि पोचायच्या दिवशी रात्री, पाळी बदलल्यावर, काउंटरलाच फोन करून त्या माणसाचं नाव विचारून तेच पुन्हा सांगतो. खरं काम होतं ते या शेवटच्या फोनने. वेबसाइटवरचं, आपल्यासारख्यांचं स्वागत आहे असं सांगणारं इंद्रधनुष्य मी बघतही नाही. अपवाद आहेत. ललित हॉटेल्सचे केशव सुरी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 विरुद्धच्या खटल्यात स्वतः अर्जदार होते, आणि त्या साखळीने ट्रान्स कर्मचारी घेतलेले आहेत. मुंबईहून पहाटेचं विमान असेल तर अंधेरीत विमानतळाजवळच त्यांचं हॉटेल आहे. खिशाला जड आहे, एवढं खरं.

हे पत्र थायलंडच्या हॉटेलांनाही पाठवा. तिथे प्रत्येक हॉटेल परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट नोंदवून इमिग्रेशनला कळवतं, त्यामुळे पासपोर्ट प्रत्येक ठिकाणी द्यावाच लागणार.

केरळला कधी गेलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. अलप्पुळाची हाउसबोट फोटोत एकांताची वाटते. ती संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला बांधतात, कारण मग पाण्यात कोळ्यांची जाळी पडतात, आणि सकाळपर्यंत त्या बोटीवर तुम्ही आणि दोन-तीन अनोळखी पुरुष कर्मचारी. बहुतेक वेळा माणसं चांगलीच असतात. पण नको वाटलं तर उठून जायला जागा नसते. तुम्हाला मी दिवसाची फेरी आणि रात्री मालकीणबाई स्वतः राहत असलेला होमस्टे सुचवीन.

थायलंडमध्ये कुठे? फेब्रुवारीत चियांग माईचा मोह टाळा. गाव सुंदर, माणसं मोकळी, पण फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे शेतं आणि रानं जाळल्याचा धूर साठतो, डोळे चुरचुरतात. चार रात्री बँकॉक, सीलोम भागात, म्हणजे संध्याकाळी सॉय 4 मध्ये, आपल्यासारख्यांचे बार असलेल्या तिथल्या गल्लीत, चालत जाता येतं. मग अंदमान समुद्राकडे फुकेत किंवा क्राबी. फेब्रुवारीत तिथे समुद्र शांत असतो. क्राबीच्या आजूबाजूची गावं बरीचशी मुस्लिम आहेत, गावात शिरताना अंगभर कपडे असू द्या. रस्त्यात चुंबन वगैरे थाई जोडपीही करत नाहीत, हातात हात चालतो.

पटाया मात्र मी मुद्दाम वगळलंय, आणि त्याचं कारण थाई लोक नाहीत. पटायाच्या हॉटेलात सकाळी नाश्त्याला उतरलात की शेजारच्या टेबलावरून आवाज येतो, 'तुम्ही पुण्याच्या का? पुण्यात कुठे?' मी स्वतः असे चाळीस-चाळीस जणांचे ग्रुप तिथे नेलेत. तिसऱ्या वाक्याला आडनाव, पाचव्याला मामाचं गाव, आणि सातव्याला 'अगं, तू अमक्यांची का?' धाकटीच्या घरी माहीत नाही म्हणालात. तुमच्या सहलीतला सगळ्यात मोठा धोका बँकॉकचा पोलीस नाही, हे टेबल आहे. म्हणून जिथे आपले ग्रुप उतरतात ती हॉटेलं टाळा. व्हॉट्सअॅप स्टेटस कोणाकोणाला दिसतं ते निघण्याआधी तपासा. फोनमधले फोटो घरच्या टॅबवर आपोआप जाऊन बसतात का तेही बघा. माझ्या एका गिऱ्हाइकाचं गुपित आईच्या टीव्हीवर स्क्रीनसेव्हर म्हणून फुटलं.

यातूनच दुसरा मुद्दा, जो मला कोणी विचारत नाही आणि जिथे निम्म्या सहली बिघडतात. कुठे मैत्रिणी म्हणायचं आणि कुठे जोडपं, हे दोघींनी घरीच बसून ठरवा. आम्ही एकदा हंपीला गेलो होतो. रिक्षावाल्याने विचारलं, 'ये कौन लगते हैं आपके?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'मामेभाऊ.' रिक्षावाला खूश झाला, माझा जोडीदार पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. अकरा वर्षांचा संसार, आणि मी त्याला मामाच्या घरी नेऊन ठेवला! अजून चिडला की मला 'दादा' म्हणतो. खोटं बोलावं लागतं, सुरक्षेसाठी बोलावंही, पण ते दोघांच्या संमतीचं असावं. ड्रायव्हरला मैत्रिणी, हॉटेलला जोडपं, मराठी टेबलाला ऑफिसमधल्या सहकारी, असं काहीही ठरवा, एकच गोष्ट दोघींनी सांगा. आणि एखादा इशारा ठरवा, 'चल, औषध घ्यायचंय' यासारखा, की ज्याला दुसरी प्रश्न न विचारता उठेल.

पैसे आणि दवाखाना. विमा दोघींनी वेगवेगळा घ्या, पासपोर्टवरच्या नावाने, आणि आपत्कालीन संपर्कात एकमेकींची नावं घाला. एकीवर शुद्ध हरपण्याची वेळ आली तर उपचारांचे निर्णय दुसरीने घ्यावेत असं सही केलेलं इंग्रजी पत्र दोघींच्या बॅगेत हवं. त्याला प्रत्येक दवाखाना मानेलच असं नाही, पण 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला हातात कागद असणं वेगळं. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर 1155. घरी धाकटीच्या बहिणीकडे सगळी व्हाउचरं आणि पासपोर्टची प्रत ठेवा, तिला माहीत आहे हे तुमचं भांडवल आहे. पुढे कधी युरोपचा विचार असेल तर, व्हिसाच्या अर्जात एकत्र संसाराचा कागद म्हणून, आजच संयुक्त बँक खातं उघडा. समलिंगी जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला बंदी नाही, असं अर्थ मंत्रालयाने 28 ऑगस्ट 2024 ला स्पष्ट केलंय. बँकेतल्या माणसाने मान हलवली तर ही तारीख सांगा.

त्यानंतरच्या सहलींसाठी दोन नावं मनात ठेवा. नेपाळ, जिथे 2023 पासून समलिंगी विवाहांची नोंद होऊ लागलीये आणि ऑगस्टमध्ये गाईजात्रेला काठमांडूत समलिंगी आणि ट्रान्स लोकांची मिरवणूक निघते. विमानाने जाताना आधार चालत नाही, पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं. आणि मॉरिशस, जिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2023 ला 1838 चं जुनं कलम समलिंगी संबंधांपुरतं रद्द केलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसं आहेत, म्हणजे नाश्त्याच्या टेबलाचा धोका तिथेही आहेच, पण निदान त्यांना तुमच्या मामाचं गाव माहीत नसेल.

तर आधी पासपोर्टच्या फोटोचा अर्ज भरा. अपॉइंटमेंटला जाताना तिने तिला हवे तसे कपडे घालून जावं, फोटो तिथेच काढतात. तारीख मिळाली की कळवा, हॉटेलांना पाठवायचं पत्र मी इंग्रजीत करून देतो.